जुना लॉन ट्रॅक्टर पुन्हा कसा सुरू होतो? गंजलेल्या यंत्राच्या दुरुस्तीची संपूर्ण ओळख

अमेरिकेतल्या गावाकडच्या घरांमागे लाकडी कोठारे असतात. त्यांच्या कोपऱ्यात अनेकदा एक छोटे यंत्र धूळ खात पडलेले दिसते. चार चाके, पत्र्याचे बॉनेट, फाटलेले सीट आणि टायरांत हवा नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणीतरी दर शनिवारी त्यावर बसून घरासमोरचे गवत कापत असे. हा लॉन ट्रॅक्टर. अशी यंत्रे भंगारात न देता पुन्हा चालू करणे हा तिथल्या हजारो लोकांचा आवडता उद्योग आहे, आणि त्याचे व्हिडिओ आता जगभर पाहिले जातात.

व्हिडिओत दहा मिनिटांत इंजिन धडधडू लागते. प्रत्यक्षात इंजिन सुरू होणे हा कामाचा पहिला टप्पा असतो. यंत्र भरवशाचे होणे आणि हवे तेव्हा हमखास थांबणे, ही खरी दुरुस्ती. ती कशी करतात ते क्रमाने पाहू.

लॉन ट्रॅक्टर म्हणजे नक्की काय?

नाशिककडच्या द्राक्षबागेत चालणारा मिनी ट्रॅक्टर आणि लॉन ट्रॅक्टर ही दोन वेगळी यंत्रे आहेत. मिनी ट्रॅक्टर हे शेतीचे अवजार आहे. त्याला बहुतेक वेळा डिझेल इंजिन असते आणि तो औत ओढतो. लॉन ट्रॅक्टर मुळात गवत कापण्यासाठी बनवलेला असतो. त्याच्या पोटाखाली पत्र्याचे एक उपडे ताट असते, त्याला डेक म्हणतात. डेकच्या आत एक ते तीन पाती गरागरा फिरतात. इंजिन पेट्रोलवर चालते आणि जुन्या यंत्रांत ते बहुधा एकाच सिलिंडरचे असते.

याचाच दणकट भाऊ म्हणजे गार्डन ट्रॅक्टर. त्याची चौकट जाड, गिअरबॉक्स मजबूत आणि मागची चाके मोठी असतात. त्याला छोटा नांगर किंवा बर्फ लोटणारे पाते जोडता येते. बोलताना लोक दोन्हींना लॉन ट्रॅक्टरच म्हणतात. दुरुस्तीसाठी मात्र गार्डन ट्रॅक्टर जास्त शोधले जातात, कारण त्यांत ओतीव लोखंड जास्त आणि पातळ पत्रा कमी असतो.

ही यंत्रे आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. प्रत्येक घरापुढे-मागे मोकळी जमीन आली. पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे. एवढे गवत हाताने ढकलायच्या यंत्राने कापता येते, पण एकरभर असेल तर दिवस जातो. मग बसून चालवायचे यंत्र हवेसे झाले.

इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड इथे 1946 मध्ये सुरू झालेली व्हील हॉर्स ही या क्षेत्रातली जुनी कंपनी. 1986 मध्ये ती टोरो कंपनीने विकत घेतली. शेतीचे मोठे ट्रॅक्टर बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1961 मध्ये कब कॅडेट बाजारात आणला. फार्मऑल कब या त्यांच्या छोट्या शेती-ट्रॅक्टरवरून हे नाव आले. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या कारखान्यात तो बने आणि पहिल्या मॉडेलला कोहलर कंपनीचे 7 अश्वशक्तीचे इंजिन होते. या मॉडेलला पुढे ‘ओरिजिनल’ असे नाव पडले. जॉन डिअरचा 110 हा मॉडेल 1963 मध्ये आला.

या काळातल्या अनेक यंत्रांत कोहलरची ‘के’ मालिकेतली इंजिने बसवलेली होती. त्यांचा सिलिंडर ब्लॉक ओतीव लोखंडाचा असतो. झिजला तर लेथवाल्याकडे बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवता येतो. साठ वर्षांनंतरही ही इंजिने जिवंत होतात याचे हे मोठे कारण आहे. ती उघडता यावीत अशीच बनवलेली होती आणि त्यांचे सुटे भाग आजही नव्याने बनतात.

घेण्याआधी काय पाहावे?

रंग उडालेला असणे ही फार चिंतेची बाब नाही. खाली दिलेल्या गोष्टी मात्र खिशाला खड्डा पाडू शकतात.

- इंजिन हाताने फिरते का? स्पार्क प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवून पाहतात. फिरत नसेल तर पिस्टन गंजून अडकला आहे किंवा आत काही तुटले आहे.
- ब्लॉकला भोक किंवा चीर आहे का? कनेक्टिंग रॉड तुटला की तो ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. असे इंजिन सहसा सोडून दिलेले बरे.
- गिअरबॉक्समधले तेल कसे आहे? दुधाळ तेल म्हणजे आत पाणी गेले आहे. तेलात धातूचे तुकडे दिसले तर खर्च वाढणार.
- भाग पूर्ण आहेत का? डेक, त्याचे लटकवण्याचे दांडे, पट्ट्यांवरची झाकणे हे भाग हरवलेले असले तर शोधणे कठीण जाते.
- इंजिनवरची पाटी शाबूत आहे का? मॉडेल आणि स्पेसिफिकेशन क्रमांक तिच्यावरच असतात. त्याशिवाय योग्य पार्ट मिळत नाही.

यंत्र घरी आले की आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढतात. प्रत्येक वायर, स्प्रिंग आणि पट्ट्याची वाट फोटोत आली पाहिजे. सोडलेले नटबोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवून त्यांवर चिठ्ठी लावतात. या तासाभराच्या कामाने पुढचे कित्येक दिवस वाचतात.

थेट सेल्फ का मारू नये?

नवखे लोक बॅटरी जोडून लगेच सेल्फ मारून बघतात आणि त्यात नुकसान होऊ शकते. वर्षानुवर्षे उभ्या यंत्रात हवा खेचणाऱ्या आवरणाखाली उंदरांनी घर केलेले असते. इंजिन हवेने थंड होणारे असल्याने सिलिंडरच्या पंखांमध्ये गवत आणि घाण भरलेली असली, तर ते तापून खराब होते. म्हणून आधी वरचे पत्र्याचे आवरण काढून सगळे साफ करतात.

दुसरी गोष्ट तेलाची. कोहलरच्या या एक-सिलिंडर इंजिनांत तेलाचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक छोटी पळी असते, ती फिरताना तेल उडवते आणि त्या शिंतोड्यांवरच आतले भाग चालतात. तेल कमी पडले तर सांगायला दिवा नसतो. ॲल्युमिनियमचा रॉड थेट क्रँकवर फिरतो, त्यामुळे तो आधी जाम होतो आणि मग तुटतो. म्हणून जुने तेल काढून नवे भरल्याशिवाय आणि पातळी पाहिल्याशिवाय इंजिन फिरवू नये. उन्हाळी वापरासाठी या इंजिनांत एसएई 30 तेल घालतात.

अडकलेला पिस्टन कसा सोडवतात?

स्पार्क प्लगच्या भोकातून गंज सोडवणारे पातळ तेल ओततात आणि दोन-चार दिवस, कधी दोन आठवडे वाट पाहतात. मधूनमधून फ्लायव्हील दोन्ही दिशांना हलकेच हलवतात. तरीही सुटले नाही तर सिलिंडर हेड उघडून, पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके देतात. लोखंडी हातोडा थेट मारला किंवा सेल्फने जबरदस्ती केली तर रॉड वाकतो. इथे धीर हेच अवजार.

ठिणगी, पेट्रोल, दाब: तीन प्रश्न

फिरणारे इंजिन सुरू होत नसेल तर कारण या तिघांपैकी एकात असते. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, हा नियम.

*ठिणगी.* राजदूत किंवा जुनी बुलेट चालवलेल्यांना सीबी पॉइंट माहीत असतो. इथेही तेच आहे. दोन छोटे संपर्कबिंदू उघडतात तेव्हा कॉइलमधून ठिणगी पडते. यंत्र पडून राहिले की या बिंदूंवर काट चढते. बारीक पॉलिश पेपरने किंवा कानशीने ते साफ करून फिलर गेजने अंतर लावतात. कोहलर के इंजिनांत हे अंतर 0.020 इंच म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर असते आणि स्पार्क प्लगचे 0.035 इंच. पॉइंट फार जळालेले असतील तर कंडेन्सरसह बदलणे स्वस्त पडते. ठिणगी पाहताना प्लगच्या भोकाजवळ पेट्रोलची वाफ नाही याची खात्री करावी, नाहीतर भडका उडतो.

*पेट्रोल.* जुने पेट्रोल उडून जाते आणि मागे राळेसारखा चिकट थर उरतो. तो कार्बोरेटरची बारीक छिद्रे बंद करतो. अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतो आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर यांना तो मानवत नाही. म्हणून टाकी रिकामी करून धुतात, नळी आणि फिल्टर बदलतात आणि कार्बोरेटर उघडतात. वाटी, फ्लोट, सुई, जेट हे सारे क्लीनरमध्ये भिजवून हवेने फुंकतात. छिद्रात तार खुपसल्यास त्याचे माप बिघडते. बाहेरून फिरवायच्या सुया बंद करताना बोटांनी हलकेच टेकवायच्या. आवळून बंद केल्या तर त्यांची बैठक खराब होते आणि मग इंजिन कधीच नीट चालत नाही. किती फेरे उघडायच्या ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेले असते.

*दाब.* इथे एक गंमत आहे. सेल्फवर भार पडू नये म्हणून यांपैकी अनेक इंजिनांच्या कॅमशाफ्टवर एक यंत्रणा असते. मंद वेगात ती एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवते. त्यामुळे साध्या कॉम्प्रेशन गेजवर आकडा कमी दिसतो आणि लोक चांगले इंजिन बाद ठरवतात. सोपी चाचणी अशी: फ्लायव्हील उलट्या दिशेने जोरात फिरवायचे. ते दाबावर आदळून मागे उसळले तर दाब ठीक आहे. उसळले नाही तर हेड उघडून व्हॉल्व्ह, गॅस्केट आणि रिंगा पाहतात. व्हॉल्व्हला चिकटलेला कार्बन साफ करून ते घासून बसवले की कित्येकदा बोअर करण्याची वेळच येत नाही.

विजेची बाजू

अनेक जुन्या यंत्रांत सेल्फ आणि डायनमो एकाच डब्यात असतात. पट्ट्याने जोडलेले हे उपकरण आधी इंजिन फिरवते आणि इंजिन सुरू झाले की बॅटरी चार्ज करते. पट्टा ढिला असेल तर दोन्ही कामे बिघडतात. रेग्युलेटर किंवा हे उपकरण बदलल्यावर त्याची ध्रुवता पुन्हा ठरवून द्यावी लागते. ते केले नाही तर चार्जिंग उलटे होऊन रेग्युलेटर जळू शकतो.

बाकी दोष साधे असतात. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, काट चढलेली टर्मिनले, रंगामुळे तुटलेले अर्थिंग. नवा रंग दिल्यावर यंत्र सुरू होत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कारण बहुधा एकच असते: अर्थिंगच्या जागेवरही रंग बसलेला असतो.

डेक आणि पाती: सर्वांत धोकादायक भाग

कापलेले ओले गवत डेकच्या आत चिकटते आणि पत्रा आतून कुजवते. खरवडून साफ केल्यावरच त्याची खरी अवस्था कळते. भोके पडली असतील तर नवा पत्रा वेल्डिंग करून बसवतात. चिकटपट्टी किंवा लांबीने बुजवलेले भोक इथे चालत नाही, कारण आत उडणारा दगड डेकनेच अडवायचा असतो.

पाती किती वेगाने फिरतात याची कल्पना अमेरिकेतल्या सुरक्षा-मानकावरून येते. त्यानुसार पात्याच्या टोकाच्या वेगाची कमाल मर्यादा मिनिटाला 19,000 फूट आहे. म्हणजे ताशी साधारण 350 किलोमीटर. या वेगाने उडालेला खडा बंदुकीच्या छऱ्यासारखा लागतो.

म्हणून पात्यांच्या बेअरिंगमध्ये हलकाही खडखडाट असला तर ते बदलतात. पात्याला चीर असेल तर वेल्डिंग न करता नवे घेतात. धार लावल्यावर पाते मधल्या भोकाने खिळ्यावर अडकवतात. एक बाजू खाली झुकली तर तिकडून थोडे घासायचे. असमतोल पाते सगळे यंत्र हादरवते आणि बेअरिंग खाते. डेकखाली हात घालण्याआधी प्लगची वायर काढून बाजूला ठेवायची, यात अपवाद नाही. जॅकवर उचललेल्या यंत्राखाली आधाराचे स्टँड नसतील तर कुणी वाकू नये.

गंज आणि रंग

छोट्या भागांचा गंज काढायची एक लोकप्रिय घरगुती पद्धत विजेवर चालते. प्लास्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा मिसळतात. गंजलेला भाग चार्जरच्या ऋण टोकाला आणि टाकाऊ लोखंडी सळई धन टोकाला जोडतात. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायच्या नाहीत. काही तासांत गंज सुटून काळपट थर उरतो, तो ब्रशने निघतो. यात हायड्रोजन वायू तयार होतो, म्हणून हे काम उघड्यावर करतात. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात.

साठ-सत्तरच्या दशकांतल्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासून धूळ उडवण्यापेक्षा ओला करून घासावा आणि मास्क वापरावा. जुन्या ब्रेक आणि क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ती धूळ हवेने फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची.

मग प्राइमर आणि रंग. कब कॅडेटचा पिवळा-पांढरा, व्हील हॉर्सचा लाल, जॉन डिअरचा हिरवा-पिवळा. काही जण मूळ छटा जुळवून नवे स्टिकर लावतात, तर काही जण उन्हात फिकटलेला मूळ रंग मुद्दाम तसाच ठेवतात. यात चूक-बरोबर असे काही नाही. पण रंग शेवटीच द्यावा. चकचकीत रंगाखाली गळणारे सील आणि ढिले स्टिअरिंग असेल, तर ते विकत घेणाऱ्याची फसवणूक ठरते.

सुरू झाले, पण थांबते का?

आजच्या लॉन ट्रॅक्टरच्या सीटखाली स्विच असतो. पाती फिरत असताना चालक सीटवरून उठला की इंजिन बंद पडते. साठच्या दशकातल्या अनेक यंत्रांत अशी सोय मुळातच नव्हती. चालक घसरून पडला तरी यंत्र पुढे जात राही आणि पाती फिरत राहत. काही यंत्रांत असे स्विच होते, पण कुणीतरी मधेच वायर जोडून ते निकामी केलेले असतात. दुरुस्ती करणाऱ्याने ही ‘जुगाडी’ वायर शोधून काढलीच पाहिजे.

जुन्या यंत्रात सीट-स्विच नव्याने बसवता येतो. बॅटरीवर ठिणगी मिळणाऱ्या इंजिनात तो कॉइलचा पुरवठा तोडतो. मॅग्नेटो असलेल्या इंजिनात तो ठिणगीची वायर अर्थला जोडून इंजिन बंद करतो. दोन्हींची जोडणी एकमेकांच्या उलट असल्याने आपल्या यंत्रात कोणता प्रकार आहे ते आधी पाहावे लागते.

मूळ रूपाचा आग्रह धरणारे कधी याला नकार देतात. यंत्र फक्त प्रदर्शनात उभे राहणार असेल तर ते समजण्यासारखे आहे. गवत कापणार असेल, तर सीटखाली लपणाऱ्या एका स्विचमुळे त्याचे जुनेपण कमी होत नाही.

ब्रेकची चाचणीही उतारावर नेण्याआधी सपाट जागी, पाती बंद ठेवून करतात. साधारण 15 अंशांपेक्षा जास्त उतारावर ही यंत्रे नेऊ नयेत, असे बहुतेक पुस्तिका सांगतात. जुन्या यंत्राला चालक उलटल्यास वाचवणारी चौकट नसते आणि तिरक्या अवस्थेत तेलाची ती पळी कोरडीच फिरण्याचा धोका असतो. मांडीवर मूल घेऊन फेरी मारण्याचे फोटो गोड दिसतात, पण ते कधीही करू नये. आजोबा मशीनवर बसले की नातवंडे मागे धावत येतात, म्हणून मागे घेताना पाती बंद करून मान वळवून पाहणे आवश्यक असते.

पहिल्या काही तासांचे पथ्य

नव्याने बांधलेल्या इंजिनाचे तेल पहिल्या पाच तासांनी बदलतात, कारण रिंगा बसताना निघालेला धातूचा कीस त्यात असतो. त्याच वेळी सगळे बोल्ट पुन्हा तपासतात. काम संपल्यावर पंखांतले गवत साफ करायचे आणि हंगाम संपला की टाकी व कार्बोरेटर रिकामे करायचे. बहुतेक यंत्रे कोठारात मरतात ती हे शेवटचे काम राहून गेल्यामुळे.

एवढा खटाटोप कशासाठी?

पैशाचा हिशेब केला तर तो नेहमी जमत नाही. सुटे भाग, लेथचे काम आणि टायर यांत यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त रक्कम जाऊ शकते. पण या यंत्रात कुलूपबंद संगणक नाही. पाने, फिलर गेज आणि पुस्तिका एवढ्यावर कुणीही ते उघडून समजून घेऊ शकतो. आज शेतीच्या मोठ्या यंत्रांबाबत नेमका हाच वाद आहे. कोलोरॅडो राज्याने 2023 मध्ये शेतकऱ्यांना आपली यंत्रे दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेती अवजारे हे तिच्या पहिल्या क्षेत्रांपैकी एक होते.

मराठी वाचकाच्या दारात लॉन ट्रॅक्टर क्वचितच असेल. पण गोठ्यात पडलेला पेट्रोलचा पंप, वडिलांची बंद स्कूटर किंवा फवारणीचे जुने यंत्र अनेकांकडे असते. त्यांनाही हाच क्रम लागू पडतो: आधी फोटो, मग साफसफाई, नवे तेल, ठिणगी, पेट्रोल, दाब. यंत्र चालले की ब्रेक आणि बंद करायचा स्विच तपासायचा, आणि त्यानंतरच रंगाचा डबा उघडायचा.